बेलापूर गाव: इतिहास आणि उरलेल्या वास्तूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईत नव्याने राहायला आलेली कुटुंबे, शाळेचे प्रकल्प करणारी मुले, गावातून बाहेर पडलेली माणसे आणि किल्ले पाहत फिरणारी मंडळी यांच्याकडून बेलापूर गावाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीबीडी बेलापूर म्हणजेच बेलापूर गाव का?

नाही. सीबीडी बेलापूर हा सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेला नोड (नियोजित उपनगर) आहे. बेलापूर गाव त्याच्याआधीचे आहे आणि आज ते या नोडच्या आत, सेक्टरांच्या मधोमध सापडलेले आहे. पनवेल खाडीच्या मुखाजवळ, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी बेलापूर, शहाबाज, फणसपाडा, आग्रोळी, दिवाळे आणि किल्ले गावठाण अशी वस्त्यांची साखळी आहे. कोकण भवन, सिडको भवन आणि महापालिकेचे मुख्यालय या सगळ्या इमारती या वस्त्यांच्या भोवती आणि त्यांच्याच शेतजमिनींवर उभ्या राहिल्या.

गावठाणाची हद्द नकाशाशिवायही ओळखता येते. सेक्टरचा सरळ, रुंद रस्ता जेथे एकाएकी अरुंद होऊन वळणे घेऊ लागतो आणि दोन घरांमधील मोकळी जागा जेथे संपते, तेथून जुने गाव सुरू झाले असे समजावे. आज आपण गावात महामार्गाकडून किंवा रेल्वे स्थानकाकडून शिरतो, म्हणजे खरे तर मागच्या दाराने. या गावाचे तोंड खाडीकडे होते, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय किल्ला तेथेच का, बांध कशासाठी आणि गाव लहानच का राहिले, यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही.

२. इंटरनेटवर बेलापूर शोधले की साखर कारखान्याची आणि वेगळ्याच रेल्वे स्थानकाची माहिती येते. ती या गावाची आहे का?

ती या गावाची नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात दुसरे बेलापूर आहे. दौंड–मनमाड मार्गावरील श्रीरामपूर शहराचे स्थानक रेल्वेच्या दफ्तरी बेलापूर या नावाने आहे आणि साखरेचा इतिहासही तिकडचाच आहे. नवी मुंबईतील स्थानक ‘सीबीडी बेलापूर’ असून ते १९९३ मध्ये सुरू झाले. जुने दस्तऐवज पाहताना केवळ गावाच्या नावावर विसंबू नये, तालुका आणि जिल्हा वाचूनच कागद आपला मानावा. खाडी, बंदर, मीठ किंवा खारजमीन यांचा उल्लेख असेल तर तो बहुधा आपल्याकडचा असतो. गोदावरी–प्रवरेच्या मुलखाचा उल्लेख असेल तर खचितच नसतो.

३. गावातील लोक पूर्वी काय करत असत?

आगरी आणि कोळी या येथील दोन मुख्य समाजांचे व्यवसाय खाडीशी बांधलेले होते. दिवाळ्यासारख्या वस्त्या मासेमारीवर जगत. इतरत्र भातशेती आणि मिठागरे होती. पारसिक डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील जो अरुंद पट्टा जुनी माणसे ‘बेलापूर पट्टी’ म्हणून ओळखतात, त्यातील बरीचशी जमीन भरतीचे पाणी बांध घालून अडवल्यामुळे लागवडीखाली आलेली होती.

या बांधांकडे कोणी वास्तू म्हणून पाहत नाही, ही आमच्या मते मोठी उणीव आहे. खाडीच्या चिखलाचा, दगडाचे अस्तर दिलेला, मैलोन्‌मैल चालणारा बांध हे गावाने सामुदायिक श्रमाने केलेले सर्वांत मोठे बांधकाम होते, आणि किल्ल्यावर झाले नसतील इतके कष्ट त्याच्या देखभालीवर पिढ्यान्‌पिढ्या झाले. बांधात ठरावीक जागी ‘उघाडी’ असे. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाई आणि भरतीला तिची फळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटे. एखाद्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, तर केवळ त्या वर्षाचे पीक जात नसे. जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढील काही हंगामही वाया जात. कोकणातील खारजमिनींत बांधांची जबाबदारी वाहणाऱ्या ‘शिलोत्र्यां’ची स्वतंत्र महसुली पद्धत जुन्या काळी रूढ होती, त्यामागे हेच कारण होते. पुढे राज्य सरकारने १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदाही केला. नोड वसवताना भराव पडला आणि बेलापूर परिसरातील बहुतेक बांध त्याखाली गेले. खारफुटीच्या कडेने एखादी लांबट, सरळ उंचवट्याची रेघ दिसली, तर ती जुन्या बांधाची असण्याचा संभव असतो.

४. इतक्या मोक्याच्या जागी असूनही बेलापूर लहान गावच का राहिले?

याचे उत्तर रेल्वेत आहे. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी आणि माल गलबताने पनवेलला उतरे आणि तेथून बोरघाट चढे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाल्यावर ही वाहतूक आणखी वाढली, आणि पनवेलकडे जाणारे प्रत्येक गलबत बेलापूरच्या टेकडीसमोरून जाई. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. तो मार्ग पारसिक डोंगराच्या पलीकडून गेला. पनवेलच्या बंदराचे महत्त्व ओसरले आणि त्याच्या वाटेवरच्या बेलापूरचेही.

त्यानंतर शंभरेक वर्षे मुंबईला जाण्यासाठी होडी पकडणे किंवा ठाण्याहून वळसा घेणे हेच दोन पर्याय होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि तेव्हापासून गावाने खाडीकडे पाठ केली.

५. बेलापूरचा किल्ला कोणी बांधला?

प्रचलित माहितीनुसार १५६० ते १५७० च्या दरम्यान जंजिऱ्याच्या सिद्दींनी तो बांधला. मात्र हे वाचताना नंतरच्या काळातील स्वतंत्र, प्रबळ सिद्दी सत्ता डोळ्यांसमोर आणू नये. त्या दशकात सिद्दी अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार होते. खाडीच्या पश्चिमेला वेगळेच चित्र होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिल्यापासून साष्टी बेट आणि ठाणे त्यांच्याकडे गेले होते. म्हणजे ठाण्याची खाडी ही दोन सत्तांमधली सीमा झाली होती आणि बेलापूरची टेकडी त्या सीमेवरची चौकी होती. १६८२ मध्ये किल्ला पोर्तुगीजांकडे गेला असे सांगितले जाते. त्या काळी किल्ल्याचे आणि परिसराचे नाव शहाबाज असे होते, आणि ते शेजारच्या शहाबाज गावात आजही टिकून आहे.

टेकडी फारशी उंच नाही, परंतु पनवेल खाडीचे मुख तोफेच्या टप्प्यात ठेवायला तेवढी उंची पुरेशी होती.

६. मराठ्यांनी किल्ला १७३३ मध्ये घेतला की १७३७ मध्ये? दोन्ही वर्षे वाचायला मिळतात.

आम्ही १७३७ हे वर्ष ग्राह्य धरतो, आणि त्याची कारणे येथे थोडी विस्ताराने देतो, कारण १७३३ हे वर्ष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवले जात सर्वत्र पसरले आहे.

किल्ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतला, याबद्दल दुमत नाही. उत्तर कोकणातील ही मोहीम १७३७ च्या वसंतात सुरू झाली. त्याच वर्षी ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली, आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर मोहीम पूर्ण झाली. १७३३ मध्ये मात्र कोकणातील मराठ्यांचे लक्ष्य पोर्तुगीज नव्हते, जंजिऱ्याचा सिद्दी होता. रायगड परत मिळाला तो त्याच वर्षी. तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातील बेलापूर १७३३ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतल्याचे सांगणे हे त्या काळच्या राजकारणाशी जुळत नाही. शिवाय प्रचलित माहितीत मराठ्यांनी किल्ला घेतल्याची आणि १८१७ मध्ये तो गमावल्याची तारीख एकच, म्हणजे २३ जून, अशी दिलेली आढळते. असा योगायोग अशक्य नसला, तरी एक तारीख दुसऱ्या ठिकाणी चुकून चिकटल्याची शंका घ्यायला तो पुरेसा आहे. त्यातून जूनच्या चौथ्या आठवड्यात कोकणात पाऊस लागलेला असतो, आणि चिखलातून तोफा ओढून खाडीकाठचा किल्ला घेण्याचा तो काळ नव्हे.

किल्ला हाती आल्यास जवळच्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा नवस चिमाजी आप्पांनी बोलल्याची आख्यायिका गावात सांगितली जाते आणि किल्ल्याच्या नावाचा संबंध तिच्याशी जोडला जातो. ती आख्यायिका म्हणूनच जपावी. वर्ष ठरवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

७. १८१७ मध्ये इंग्रजांनी किल्ला लढून घेतला का?

कॅप्टन चार्ल्स ग्रे याने २३ जून १८१७ रोजी किल्ला ताब्यात घेतला, अशी नोंद सर्वत्र दिली जाते. या तारखेच्या फक्त दहा दिवस आधी, १३ जून १८१७ रोजी, दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या तहावर सही करावी लागली होती आणि त्या तहाने उत्तर कोकणातील मुलूख व किल्ले ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. खडकीची लढाई व्हायला अजून चार महिने अवकाश होता. त्यामुळे ही घटना मोठ्या लढाईपेक्षा तहानुसार झालेली ताबापालट म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे इंग्रजांनी किल्ल्याचा काही भाग पाडला. डोंगरी आणि सागरी ठाणी पुन्हा उठावाच्या उपयोगी पडू नयेत, म्हणून १८१८ नंतर महाराष्ट्रभर हेच धोरण राबवले गेले.

८. किल्ल्यावर ‘चार ते बारा पौंड वजनाच्या चौदा तोफा’ होत्या असे वाचले. इतक्या हलक्या तोफा असतात का?

नसतात. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या आत, आणि इतक्या वजनाची तोफ एक मनुष्य काखेत मारून नेईल. चार पौंडी, बारा पौंडी हे त्या तोफेतून सुटणाऱ्या गोळ्याचे वजन असे आणि तोफा त्यावरूनच ओळखल्या जात. त्या अर्थाने बेलापूरच्या तोफा लहान ते मध्यम आकाराच्या, खाडीतील गलबतांना धाक दाखवण्याजोग्या होत्या. ऐन भरात किल्ल्यावर प्रत्येकी १८० माणसांच्या चार तुकड्या होत्या असेही त्याच ठिकाणी सांगितलेले असते. ७२० माणसांचा कायमचा तळ या टेकडीवर मावणे अवघड आहे, त्यामुळे यातील काही शिबंदी खाली गावात राहत असावी.

९. किल्ल्यातून घारापुरीपर्यंत भुयार आहे, हे खरे का?

हे खरे नाही. मध्ये भरती-ओहोटीची रुंद खाडी आहे, तिच्या तळाशी खोल चिखल आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. त्या काळच्या साधनांनी असे भुयार खोदणे आणि त्यातील पाणी उपसत राहणे शक्य नव्हते. कोकणातील जवळपास प्रत्येक किल्ल्याला अशी एक भुयारकथा असते आणि ती सांगणाऱ्याच्या आजोबांनी भुयाराचे तोंड प्रत्यक्ष पाहिलेले असते. किल्ल्यातील दारूगोळ्याची कोठारे, पाण्याची टाकी किंवा चोरवाट यांची ढासळलेली तोंडे हा अशा कथांचा बहुधा उगम असतो. ती शोधण्यासाठी दगड हलवू नयेत. ते धोक्याचे आहे आणि वास्तूचे त्यात नुकसान आहे.

१०. आज किल्ल्याचे काय उरले आहे आणि ते कसे पाहावे?

महापालिका मुख्यालयाजवळ, पाम बीच मार्गाच्या बेलापूरकडील टोकाशी, किल्ले गावठाणाच्या टेकडीवर बुरूज आणि तटाचे काही अवशेष आहेत. संपूर्ण किल्ला पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होते. आपण खाडीवर नजर ठेवणाऱ्या चौकीत उभे आहोत, हे ध्यानात ठेवून पाहिले तर अर्ध्या तासात बरेच काही कळते. प्रथम खाडीच्या दिशेला तोंड करून उभे राहावे, आणि मधल्या इमारती मनातून वजा करून पनवेलकडून येणारे गलबत किती दुरून दिसले असते याचा अंदाज घ्यावा.

मग भिंतीजवळ जावे. दगड ओबडधोबड आहेत की घडीव, थर सरळ आहेत की नाहीत आणि मधला चुना कसा आहे, हे पाहावे. किनारपट्टीवर चुना शिंपले भाजून करत असत. भाजणी कच्ची राहिली की कवचाचे पांढरे, कधी नखाएवढे तुकडे चुन्यात तसेच राहतात आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. राखाडी, गुळगुळीत आणि एकसारखा थर दिसला तर तो सिमेंटचा, म्हणजे अलीकडचा होय.

पावसाळ्यात चढू नये. सांध्यांतील चुना भिजून सुटलेला असतो आणि वरचा दगड कधी घसरेल याचा भरवसा नसतो.

११. बुरुजावरची झाडे उपटून सिमेंटने डागडुजी केली तर काय बिघडेल? आमचे मंडळ श्रमदानाला तयार आहे.

भावना चांगली आहे, परंतु या दोन्ही गोष्टी करू नयेत. वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे सांध्यांत फूट-दोन फूट आत शिरलेली असतात. झाड ओढले की मुळांनी कवटाळलेले दगडही निघून येतात, आणि ज्या मुळांनी भिंत फोडली तीच मुळे अनेकदा ती धरूनही ठेवत असतात. जाणकार मंडळी झाड जमिनीलगत कापतात, खोडावर औषध लावून मूळ जागेवरच मारतात आणि ते वाळून आकसल्यावर पोकळी चुन्याने भरतात.

सिमेंटचा दोष वेगळा आहे. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सांध्यांतून ती बाहेर टाकते. सांधे सिमेंटने बंद केले की ओल आतच अडकते, खारी हवा आणि क्षार यांच्यामुळे आतला चुना भुसभुशीत होतो, आणि वरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून पोकळ होत जाते. किल्ल्याच्या जतनाचे काम सिडकोने हाती घेतले असल्यामुळे मंडळांनी परवानगीशिवाय काही करू नये. प्लास्टिकचा कचरा उचलणे, भिंतीवर नावे लिहिणाऱ्यांना रोखणे आणि ठरावीक जागेवरून दर वर्षी छायाचित्र काढून ठेवणे ही कामे मात्र आजपासून करता येतील, आणि तिसरे काम सर्वांत मोलाचे आहे.

१२. गावातील मंदिरे किती जुनी आहेत?

देवस्थान किती जुने आणि इमारत किती जुनी, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. किल्ले गावठाणातील गोवर्धनी मातेच्या देवस्थानाबद्दल, किंवा कोणत्याही गावदेवीबद्दल, विचारताना हे लक्षात घ्यावे. नांदत्या देवळाचा जीर्णोद्धार होतच राहतो. लाकडी मंडप जाऊन काँक्रीटचा येतो, शहाबादी फरशीवर संगमरवर चढतो. जुन्या इमारतीची आवड असणाऱ्यांना हे रुचत नाही, परंतु देऊळ गावाचे असते आणि ते वापरात आहे म्हणूनच त्याची जागा भूखंड होण्यापासून वाचली.

जुनेपणाच्या खुणा बहुधा गाभाऱ्याबाहेर सापडतात. अंगणातील दीपमाळ, झाडाखाली ठेवलेली झिजलेली मूर्ती, वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड) किंवा गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड), पायरीला लावलेला कोरीव दगड अशा ठिकाणी पाहावे. हा सारा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहारांचा होता. उरण तालुक्यातील चांजे आणि रानवड येथे त्यांच्या काळातील शिलालेख मिळाले आहेत, त्यामुळे या पट्ट्यात एखाद्या दगडाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. असा दगड आढळल्यास प्रश्न १८ पाहावा.

१३. गावात जुनी घरे उरली आहेत का आणि ती कशी ओळखावीत?

उरली असली तरी फार थोडी, आणि जी आहेत ती बहुधा दोन चार-मजली इमारतींच्या मध्ये दबलेली. जुन्या घराची मांडणी साधी असते. पुढे पडवी किंवा ओटी, मध्ये माजघर, मागे चूल आणि परस. ओटीला लाकडी खांब, वर माळा, आणि समोर भात झोडण्यापुरते अंगण. सामान्य शेतकऱ्याच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, माती-शेणाने लिंपलेल्या असत. दगडी जोते आणि सागवानी तुळया बरकत असलेल्या घरालाच परवडत. जोते हा सर्वांत टिकाऊ भाग असल्याने, वर नवे घर आले तरी खाली जुने जोते राहिल्याचे आढळते.

कौलांचा पुरावा विशेष उपयोगी असतो. चपट्या मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह उठवलेले असते. मंगळूरला बासेल मिशनने असा कारखाना १८६५ मध्ये काढला, त्यामुळे असे कौल त्याआधीचे असू शकत नाही. मात्र कौलावरून छपराचे वय कळते, घराचे नव्हे. कौले उतरवून दुसऱ्या घरावर चढवण्याची पद्धत सर्रास होती, आणि मंगलोरी कौलांपूर्वी त्याच वाशांवर कुंभाराची नळीची कौले किंवा पेंढा असू शकतो. आढ्याखालचे वासे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अर्थात, त्यासाठी घरमालकांची परवानगी आधी घ्यावी.

१४. आर्टिस्ट व्हिलेज हे बेलापूरचे जुने गाव आहे का? तेथील घरे कौलारू आहेत.

नाही. ती १९८० च्या दशकात सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहत आहे. सात-सात घरांचा एक चौक, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचा समूह, अशी तिची रचना आहे. कोणत्याही घराची भिंत शेजारच्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा त्याने घर वाढवावे. पुढे लोकांनी ती इतकी वाढवली की मूळ घरे आता शोधावी लागतात. बेलापूरच्या वास्तूंच्या यादीत तिला स्थान द्यायला हवे, मात्र वेगळ्या रकान्यात. योगायोग असा की नवे शहर सुचवणाऱ्या १९६५ च्या आराखड्यामागेही प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह कोरिया होते.

१५. शहर वसवताना सगळी जमीन घेतली, मग गावठाण कसे राहिले?

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरवण्यात आले. संपादन मुख्यतः शेतजमिनी आणि मिठागरांचे झाले. राहत्या गावठाणांना वगळण्यात आले. परिणामी घर राहिले आणि घराला पोसणारी जमीन गेली. मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई–नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० च्या दशकात आकाराला आली.

जुन्या घरांच्या दृष्टीने या इतिहासाचा परिणाम थेट आहे. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द तीच राहिली, आणि वाढायला वरच्या दिशेशिवाय जागा उरली नाही. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग तेथूनच आला. कौलारू घर पाडले म्हणून गावकऱ्यांना बोल लावणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी. १९९२ पासून कारभार नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहे.

१६. आमच्या घराचा सातबारा निघत नाही. म्हणजे घर अतिक्रमण आहे का?

एवढ्यावरून तसे ठरत नाही. सातबारा हा मुख्यतः शेतजमिनीच्या महसुलाचा उतारा आहे. गावठाणातील घरांना शेतसारा नव्हता, म्हणून त्यांचा सातबारा बहुधा नसतोच. गावठाणाची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी ठरवतात, आणि तेथे नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका मिळते. जुनी घरपट्टीची पावती वहिवाट दाखवते, परंतु ती मालकीचा पुरावा ठरत नाही. घर मूळ गावठाणात आहे की हद्दीबाहेर वाढलेल्या भागात, यावर पुढचे सगळे अवलंबून असल्याने आधी भूमी अभिलेख कार्यालयातून हद्दीचा नकाशा घ्यावा आणि मगच वकिलांकडे जावे.

१७. जुने कागद आणि नकाशे कोठे पाहता येतील?

ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे तेरा आणि चौदा क्रमांकाचे खंड १८८२ मध्ये निघाले. चौदावा खंड स्थळांविषयी आहे. पनवेल १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्यात गेले, म्हणून त्याची माहितीही याच ठाण्याच्या खंडांत शोधावी. पेशवेकालीन मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, कंपनी आणि मुंबई सरकारचे कागद मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात, तर पोर्तुगीज दप्तर पणजीला आहे. नाव शोधताना बेलापूरबरोबर शहाबाजही शोधावे. कारण प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

घरातील मोडी कागद प्लास्टिकच्या चिकटपट्टीने जोडू नयेत आणि लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवावेत.

१८. पाया खोदताना कोरीव दगड किंवा नाणी सापडली तर काय करावे? सरकार घर जप्त करते का?

घर जप्त होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की सापडलेले दगड रातोरात पुन्हा पुरले जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे, सापडणे नव्हे. दगड जागेवरून हलवण्यापूर्वी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढावे, किती खोलीवर मिळाला ते लिहावे, आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू, तेल, शेंदूर किंवा रंग लावू नये. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा बॅटरी बाजूला धरून काढलेल्या छायाचित्रात ती अधिक चांगली वाचता येतात.

१९. किल्ल्यापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, असे आम्हाला सांगितले गेले. ते खरे का?

शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित हा नियम २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आला असून तो केंद्र संरक्षित स्मारकांना लागू होतो. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा १९६० चा आणि वेगळा आहे. एखादी वास्तू जुनी आहे एवढ्यानेच यांपैकी कोणताही नियम तिला आपोआप लागू होत नाही, त्यासाठी अधिसूचना निघावी लागते. त्यामुळे तोंडी सांगण्यावर घर अडवू नये आणि बांधूही नये. त्या विशिष्ट भूखंडाविषयी महापालिकेच्या नगररचना विभागाकडून आणि सिडकोकडून लेखी उत्तर घ्यावे.

२०. आमच्याकडे गावाची जुनी छायाचित्रे आहेत. ती उपयोगी पडतील का?

निश्चितच, आणि लग्नाची छायाचित्रे सर्वांत जास्त. वरातीच्या मागे ओटी, कौले, विहीर, कधी बांध आणि खाडी दिसते, जी मुद्दाम कोणी टिपली नसती. छायाचित्र अल्बममधून ओरबाडून काढू नये, आहे तसे स्कॅन करावे. पाठीमागे काही लिहिले असल्यास त्याचेही स्कॅन घ्यावे, आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. खाडीकाठची जुनी छायाचित्रे असल्यास तारीख नक्की नसली तरी चालेल; मागे वाशीचा पूल दिसत असेल, तर छायाचित्र त्याच्या बांधणीनंतरचे असे समजता येते.